पागेतली पॅकार्ड

(ओळख पटू नये म्हणून गल्ली, नाती आणि काही रकमा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. गाडी मात्र आहे तशीच सांगितली आहे.)

पार्श्वभूमी

नाशिकच्या सराफ बाजारापासून हाकेच्या अंतरावर एक वाडा होता. होता म्हणायचं, कारण आता तिथे सहा मजल्यांचा सांगाडा उभा आहे. घराण्याचा धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. वाड्याच्या मागच्या अंगाला घोड्यांची जुनी पागा होती. तिथे फुटकी घंगाळं, मोडका पाळणा आणि लाकडी फळ्यांच्या ढिगाआड एक जुनी अमेरिकन पॅकार्ड मोटार उभी होती. १९७४ पर्यंतचा कर भरलेला. त्यानंतर ती जागची हलली नव्हती.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. सव्वीस वर्षं ठोकलेल्या, जळालेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या बघतोय. नाशिकमध्ये पुराची गाडी ओळखायला फार विद्या लागत नाही, दाराच्या आतल्या पत्र्यावर गाळाची रेघ बोलते. या पॅकार्डवर ती रेघ स्टिअरिंगच्या खालच्या कडेपर्यंत होती. सप्टेंबर २००८ मध्ये गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी बाजारात शिरलं तेव्हाची. त्या दिवशी दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली ज्या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात ती, कितपत बुडाला यावर त्या घरात अजून वाद होतो.

वाडा विकसनाला दिला गेला आणि बिल्डरने चार महिन्यांची मुदत दिली. वारस तिघं दिसत होते : थोरली ताई, सासर नाशिकरोडला. मधला भाऊ वाड्यातच राहणारा, दुकान बघणारा. धाकटा पुण्यात, आयटीत. घरातली दंतकथा अशी की ही बारा सिलिंडरची पॅकार्ड एका संस्थानिकाने आजोबांना भांड्यांच्या मोठ्या कामाबद्दल बक्षीस दिली.

अडचण

धाकट्याने परदेशातल्या लिलावांत बारा सिलिंडरच्या 'पॅकार्ड ट्वेल्व्ह'ला मिळालेल्या किमती शोधल्या आणि भावा-बहिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन कोटींचा आकडा टाकला. त्याच आठवड्यात मुंबईचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी येऊन नऊ लाख बोलून गेला. धाकट्याला वाटलं, मधल्याने आतून काहीतरी ठरवलंय. मधल्याला वाटलं, आपण पन्नास वर्षं सांभाळली आणि हा पुण्यात बसून भाव लावतोय. ताईसमोर हक्कसोडपत्राचा मसुदा आला होता. सही करण्याआधी तिला एकच हवं होतं : गाडी नेमकी काय आहे, हे कुणीतरी लिहून द्यावं.

मी पोचेपर्यंत एक गोष्ट होऊन गेली होती. मधल्याने एका गॅरेजवाल्याला बोलावून 'जरा चमकवायला' सांगितलं होतं. त्याने दोन दिवसांत पुढचे मडगार्ड घासून पत्र्यापर्यंत आणले, इंजिनामागच्या भिंतीवरची पितळी पट्टी रंगात अडथळा नको म्हणून काढली आणि नवी बारा व्होल्टची बॅटरी जोडून बघितली. पॅकार्डची वायरिंग सहा व्होल्टची आणि अर्थिंग पॉझिटिव्ह. धूर निघाला तेव्हा त्याने बॅटरी उपटली. कापडी आवरणाची जुनी वायर डॅशबोर्डखाली कोळसा होऊन लोंबत होती.

एक चूक माझीही. ताईने आधी फोनवर फोटो पाठवले होते. ते बघून मी सहज बोलून गेलो, 'सदतीसची दिसते.' माझं हे वाक्य धाकट्यापर्यंत पोचलं आणि 'सर्व्हेअरने १९३७ चं मॉडेल म्हणून पास केलं' असं होऊन माझ्याकडेच परत आलं. फोटोवरून मत द्यायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला धडा, आणि तो मी घरगुती विषय म्हणून विसरलो.

गाडी ओळखणे

बॉनेटचे दोन्ही पंख उचलले तेव्हा उंदरांचं घरटं आणि त्याखाली एका ओळीत आठ प्लग दिसले. बारा सिलिंडरचा प्रश्न तिथेच मिटला. पन्नास वर्षांत बॉनेट उघडून कुणी प्लग मोजले नव्हते!

तरी आठ सिलिंडरच्या पॅकार्डही अनेक तऱ्हेच्या. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप धरला. एक टोक मधल्याच्या मुलाकडे, दुसरं माझ्याकडे. टेप बरोबर दहा फुटांवर थांबला. दहा फूट म्हणजे १२० इंच. त्या वर्षांतल्या मोठ्या, म्हणजे 'सीनिअर' पॅकार्डचा सगळ्यात आखूड सांगाडाही १२७ इंचांचा होता. ट्वेल्व्ह तर १३२ इंचांपासून पुढे.

शेवटी गोणपाट टाकून खाली शिरलो. पुढच्या चाकांना आडवा सलग धुरा नव्हता. दोन्ही बाजूंना वेगळी कॉइल स्प्रिंग, आणि ब्रेकला हायड्रॉलिकच्या नळ्या. इथे वर्ष महत्त्वाचं ठरतं. महागड्या पॅकार्डला स्वतंत्र सस्पेन्शन आणि हायड्रॉलिक ब्रेक १९३७ च्या मॉडेलपासून मिळाले. त्याआधी दोन वर्षं, म्हणजे १९३५ पासूनच, ते कंपनीच्याच 'वन-ट्वेंटी' या स्वस्त मॉडेलला होते. म्हणजे माझं 'सदतीस' खरं धरलं तर ही खूण निकामी होत होती, आणि धाकट्याला तेवढी फट पुरेशी होती.

वर्ष सांगणारी गोष्ट म्हणजे गॅरेजवाल्याने काढलेली ती पट्टी. दोन चकरांनंतर नटबोल्टच्या डालडाच्या डब्यात सापडली. तिच्यावर गाडीचा नंबर, एजंटचं नाव आणि गाडी दिल्याची तारीख ठोकलेली होती : १९३६, मुंबई. इंजिनाचा नंबरही वन-ट्वेंटीला असतो तसा 'एक्स'ने सुरू होणारा. आठ सिलिंडर, साधारण ४.६ लिटर, १२० अश्वशक्ती. धाकट्याच्या लिलावातली ट्वेल्व्ह पावणेआठ लिटरची, १७५ अश्वशक्तीची.

मग सगळे इतकी वर्षं फसले कसे? मीही रेडिएटरकडे बघून क्षणभर फसलोच होतो. याचं उत्तर कंपनीच्या इतिहासात आहे.

कंपनीने घेतलेला निर्णय

जेम्स वॉर्ड पॅकार्ड हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या वॉरन गावचे, विजेच्या सामानाच्या धंद्यातले इंजिनिअर. त्यांनी १८९८ मध्ये विंटन कंपनीची मोटार घेतली आणि ती त्यांना रडवू लागली. तक्रार घेऊन गेल्यावर अलेक्झांडर विंटन यांनी 'एवढं कळतं तर स्वतःच बनवा' असं सुनावलं, अशी कथा सांगतात. बनवली. नोव्हेंबर १८९९ मध्ये पहिली पॅकार्ड रस्त्यावर आली. १९०३ मध्ये डेट्रॉइटचे गुंतवणूकदार हेन्री जॉय यांच्या पुढाकाराने कंपनी डेट्रॉइटला गेली. तिथला कारखाना वास्तुविशारद अल्बर्ट कान यांनी आखला, त्यातली दहा नंबरची इमारत लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची, तेव्हा नवलाची. १९१५ मध्ये 'ट्विन सिक्स' हे बारा सिलिंडरचं इंजिन आलं आणि पॅकार्ड हे श्रीमंतीचं दुसरं नाव झालं. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या गराजांतही तिला मान होता. जाहिरातीत गाडीचं फारसं कौतुक नसायचं, एकच ओळ : ज्याच्याकडे आहे त्याला विचारा.

रेडिएटरची वरची कड बैलांच्या मानेवरच्या जूसारखी वळवलेली. चाकाच्या टोपीवर लाल षटकोन. इतक्या दोन खुणांवर शंभर पावलांवरून पॅकार्ड ओळखू यायची.

१९२९ ची मंदी आली आणि महागडी गाडी घेणारा वर्गच आटला. बरोबरीच्या पीअरलेसने १९३१ मध्ये मोटारी बनवणं थांबवलं, पिअर्स-अ‍ॅरो १९३८ मध्ये संपली. पॅकार्डचे अध्यक्ष अल्व्हन मॅकॉली यांनी दुसरा रस्ता धरला. जनरल मोटर्सच्या मुशीतून तयार झालेले जॉर्ज क्रिस्टोफर यांना आणून त्यांच्याकडून मोठ्या प्रमाणावर उत्पादनाची घडी बसवून घेतली, आणि जानेवारी १९३५ मध्ये वन-ट्वेंटी बाजारात आणली. किंमत ९८० डॉलरपासून. थोरल्या पॅकार्ड याच्या दुपटीहून महाग. १९३६ मध्ये वन-ट्वेंटी पंचावन्न हजारांच्या आसपास बनल्या. १९३७ मध्ये सहा सिलिंडरची आणखी स्वस्त गाडी आली आणि वर्षाचं एकूण उत्पादन लाखावर गेलं. तुलनेला, ट्वेल्व्ह सगळी वर्षं मिळून सहा हजारांच्या आत.

कळीची गोष्ट अशी की या स्वस्त गाडीला त्यांनी वेगळं नाव दिलं नाही. जनरल मोटर्सने कॅडिलॅकखाली 'ला सॅल' नावाचं निराळं भावंड ठेवलं होतं. पॅकार्डने तेच जू, तोच लाल षटकोन, तेच नाव स्वस्त गाडीवर चढवलं. या वाड्यातली गाडी 'महाराजांची' वाटावी, हे असं डेट्रॉइटमध्येच ठरलं होतं. बँकेतल्या मॅनेजरलाही महाराजाच्या रुबाबाची गाडी मिळावी यासाठीच तर ती विकली जात होती.

या निर्णयाने पॅकार्ड बुडाली असं पुष्कळजण लिहितात. मला ते पटत नाही. १९३५ मध्ये हे केलं नसतं तर पीअरलेसच्या शेजारी तिचंही थडगं असतं. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन पंचावन्न हजारांवर बनवून देणारा कारखाना होता तो, कारागिरीत कमी नव्हता. खोट युद्धानंतर झाली. हातात पैसा होता, गाड्यांची टंचाई होती, तेव्हा वरचं टोक पुन्हा उभं करायचं सोडून मधल्या किमतीच्या गाड्यांवरच भर राहिला. वरची जागा कॅडिलॅकने घेतली. १९५४ मध्ये स्टुडबेकर कंपनी विकत घेतली, तीही आतून पोखरलेली. जून १९५६ मध्ये डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड निघाली. पुढची दोन वर्षं स्टुडबेकरच्याच गाड्यांवर पॅकार्डचं नाव लावून विकलं, आणि १९५८ मध्ये तेही बंद. त्या अवाढव्य कारखान्याचे अवशेष २०२२ मध्ये पाडायला घेतले. इकडे वाडाही त्याच वर्षी रिकामा होत होता.

हे सगळं मी वाड्याच्या ओसरीवर सांगितलं तेव्हा ताईने विचारलं, 'म्हणजे आपली नकली का?' नकली नाही. अस्सल पॅकार्ड, फक्त धाकट्या पातीची. गंमत म्हणजे १९३६ मध्ये याच धाकट्या पातीचे ब्रेक थोरल्यांपेक्षा चांगले होते.

पर्याय

मी आहे त्या स्थितीत दहा लाख किंमत लिहून दिली. घासलेले मडगार्ड आणि जळालेली वायरिंग नसती तर एक-दीड लाख जास्त लिहिले असते, हेही अहवालात नमूद केलं. धाकटा महिनाभर बोलला नाही.

मुंबईच्या व्यापाऱ्याला विकणं सगळ्यात सोपं होतं, आणि माझा पहिला सल्ला तोच होता. दुसरा पर्याय धाकट्याचा : बॉडी उतरवून संपूर्ण जीर्णोद्धार. मुंबईच्या एका कारागिराने पस्तीस लाख आणि तीन वर्षं सांगितली. वन-ट्वेंटीची चार दारी सेडान एवढं घालून तेवढे परत देत नाही. ट्वेल्व्ह असती तर गोष्ट वेगळी. अहमदाबादच्या मोटार संग्रहालयाला द्यावी असंही ताईच्या मुलाने सुचवलं, पण ते बोलण्यापुरतंच राहिलं.

गॅरेजवाल्याचा पर्याय मात्र मधल्याला फार आवडला होता. 'बोलेरोचं इंजिन टाकू, पॉवर स्टिअरिंग देऊ, वरातीला भाड्याने लावा, दोन सीझनमध्ये पैसे वसूल.' हिशोब कागदावर चुकीचा नव्हता. नाशिकच्या लग्नसराईत जुन्या गाडीला मागणी आहेच. पण जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांवरची, मूळ रूप न बदललेली, खासगी वापराची गाडी त्यात बसते. धंद्यासाठी ती वापरता येत नाही आणि रस्त्यावर काढायची ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरती. नव्या नोंदणीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर कायम राहतो. बोलेरोचं इंजिन बसवलं की हे दार कायमचं बंद. मी मधल्याला एवढंच विचारलं, आर.सी. बुक कुठे आहे? ते रद्दीच्या गठ्ठ्यात बांधून ठेवलेलं निघालं.

आर.सी. बुकने काय केलं

त्यातल्या हस्तांतराच्या नोंदीत पहिला मालक मुंबईची एक कापडाची पेढी. १९५१ मध्ये आजोबांच्या नावावर. संस्थानिक कुठेच नाही.

दुसरी गोष्ट वकिलांच्या लक्षात आली, माझ्या नाही. गाडी अजून आजोबांच्या नावावर. आजोबा १९७८ मध्ये मृत्युपत्र न करता गेले आणि गाडी त्यांची स्वकष्टार्जित. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. आजी पुढे गेल्यावर तिचा वाटाही त्या दोघांकडेच. म्हणजे तिघं जिच्यावरून भांडत होती त्या गाडीत निम्मा हिस्सा आत्याचा, आणि उरलेल्या निम्म्यात ही तिघं. धाकट्याचा वाटा सहावा! आरटीओत मृत मालकाची गाडी वारसाच्या नावावर करायला नमुना ३१ लागतो, त्यालाही आत्याची संमती हवीच होती.

आत्या त्र्याऐंशीच्या, पंचवटीत राहणाऱ्या, कान तिखट. आम्ही सगळे गेलो. संस्थानिकाचं नाव काढताच त्या हसल्या. 'महाराज कसले? दादा, म्हणजे तुमचे आजोबा, पेढीवरून घेऊन आले, मी अकरा वर्षांची. लोकांना म्हणायचे, महाराजांच्या गाडीसारखी आहे. सारखी! तुमच्या बापाने तेवढा शब्द खाल्ला.' मग धाकट्याकडे वळून, 'आणि विकायची नाही रे. माझा निम्मा मी देत नाही.'

काय केलं

आत्याच्या नकारामुळे पर्याय आपोआप आवळले. ठरलं असं : गाडी चालती करायची, नटवायची नाही. धाकट्याला दहा लाखांच्या सहाव्या हिश्शाचे १,६६,६६७ रुपये ताई आणि मधल्याने मिळून दिले.

पागेतून काढणं हेच मोठं काम निघालं. ज्या दरवाजाने गाडी आत आली त्याच्यासमोर ऐंशीच्या दशकात संडास बांधलेला. बिल्डरने तो आधी पाडावा म्हणून पंधरा दिवस खेटे घातले. टायर कधीच बसले होते, म्हणून गोल पाइपांवरून सरकवत, माणसं पाहारी लावून ढकलत होती. मधला मागच्या खिडकीला हात लावून नुसताच चालत होता.

इंजिन जाम होतं. आठही प्लगच्या भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण सोडून बारा दिवस वाट बघितली. तेराव्या दिवशी हँडलला नळी लावून जोर दिला तर बोटभर हललं. मग थांबलो, परत मिश्रण सोडलं. घाई केली असती तर रिंगा तुटल्या असत्या. वॉटर पंपाचा शाफ्ट अंबडच्या एका जॉब शॉपमध्ये नवा कातला, चाकांच्या ब्रेक सिलिंडरना आतून बाही (स्लीव्ह) बसवून घेतली. रेडिएटरची पितळी टाकी फाटली होती. रेडिएटरवाले नवी घ्या म्हणाले. तेव्हा मधल्याला आठवण झाली की आपला धंदाच भांड्यांचा. तांबट लेनमधल्या ज्या घराकडून तीन पिढ्या घंगाळं घेतली तिथल्या कारागिराने पत्रा ठोकून, डाख देऊन ती टाकी अशी जोडली की सांधा शोधावा लागतो. तो पैसे घेत नव्हता, शेवटी साडेतीन हजार घेतले.

निष्पत्ती

चौदा महिने आणि सहा लाख चाळीस हजार रुपये लागले. माझा अंदाज चार लाखांचा होता. वायरिंग, टायर आणि सिटांखालच्या कुजलेल्या तळाने तो खाल्ला. पेठ रोडच्या आरटीओत हस्तांतर झालं, व्हिंटेज म्हणून नोंद झाली, जुना नंबर राहिला. गाडी आता ताईच्या सासरच्या मोकळ्या गाळ्यात असते. घासलेले मडगार्ड फक्त जुळत्या रंगाने झाकले, बाकी रंग १९५१ नंतरचा कधीचा तरी, भेगाळलेला, तसाच. बॉनेटवरचा पक्षी, ज्याला घरात बगळा म्हणत आणि ज्याचं नाव पेलिकन की कॉर्मोरंट यावर खुद्द कंपनीतही घोळ होता, तो मिळाला नाही. त्याच्या जागी एक भोक आहे.

धाकटा पैसे घेऊन गेला. गाडी बघायला अजून आलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पट्टी आणि आर.सी. बुक हातात येईपर्यंत पॉलिश पेपर लावू द्यायला नको होता. ही चूक मधल्याची. पण माझा फोन आठवडाभर आधी लागला असता तरी मी फोटो बघून 'सदतीस' म्हणालोच असतो, म्हणून त्याला फार बोलत नाही.

किंमत आधी आणि हिस्सेदार नंतर, हा क्रम उलटा हवा होता. मालक कोण हे ठरल्याशिवाय मी अहवाल लिहायला बसलो, त्यामुळे महिनाभराचं भांडण अशा तीन जणांत झालं ज्यांच्याकडे मिळून निम्मीच गाडी होती. आता वारसाची गाडी आली की मी आधी नोंदणीपुस्तक मागतो आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कुठे राहतं ते विचारतो.

जीर्णोद्धार नाकारला ते बरोबर होतं का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. गाळाची रेघ आम्ही पुसली नाही आणि तिच्याखालचा पत्रा हळूहळू सुटतोय. दोन-तीन पावसाळ्यांत दारांचा तळ कापून नवा लावावा लागेल. ताई म्हणते रेघ राहू द्या. मधला म्हणतो पत्रा आधी. येत्या जूनच्या आत ठरवायचं आहे, आणि या वेळी बैठक आत्याकडे आहे.